हिब्रूतले रस्ते : यादी नको, धातू पकडा

इस्रायलमध्ये पीएचडी किंवा पोस्टडॉकसाठी निघालेल्यांना हमखास सांगतात, "हिब्रूची काही गरज पडत नाही." लॅबपुरतं ते बरंचसं खरं आहे. रेहोवोतच्या वाइझमान इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षणाची भाषा इंग्रजीच आहे. पण लॅब म्हणजे काही अख्खा देश नव्हे. बस पकडायची, रस्ता विचारायचा, तर थोडी हिब्रू हवीच.

मग काय, शंभर शब्दांची यादी घेऊन घोकायची? नको. हिब्रूतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. संस्कृत 'गम्'पासून गमन, आगमन, निर्गमन होतात ना, तसंच समजा.

दालेत-रेश-काफ या धातूचा अर्थ पाऊल टाकणं. त्यावरून देरेख म्हणजे मार्ग, मिद्राखा म्हणजे फुटपाथ, दार्कोन म्हणजे पासपोर्ट आणि माद्रिख म्हणजे वाट दाखवणारा. आपला 'मार्गदर्शक' असाच तर झाला! रेश-काफ-बेत म्हणजे स्वार होणं. त्यावरून रेखेव (वाहन) आणि राकेवेत (रेल्वे). हेत-नून-हे म्हणजे तळ ठोकणं. त्यावरून ताखाना (स्टेशन, थांबा) आणि खानाया (पार्किंग). तीन धातू, आठ शब्द.

आता एक सावधगिरी. हे शब्द वहीत फक्त देवनागरीत उतरवू नका. रेखेव म्हणजे वाहन आणि रेखोव म्हणजे रस्ता. देवनागरीत ही सख्खी भावंडं वाटतात, पण पहिल्यातला 'ख' काफचा आहे आणि दुसऱ्यातला हेतचा. रेखोव आलाय रुंदपणाच्या धातूवरून, आणि रेहोवोत हे गावाचं नावही त्याच धातूचं. उलट रेखेवमधला 'ख' आणि राकेवेतमधला 'क' हे एकच अक्षर. म्हणून आधी लिपी शिका. अक्षरं 22च आहेत. रोजच्या लिखाणात स्वरचिन्हं सहसा नसतात. त्याची सुरुवातीला भीती वाटते, पण त्यामुळेच धातू डोळ्यांना चटकन दिसतो.

शेवटी एक शब्द जो यायलाच हवा : मोत्साए शब्बात, म्हणजे शब्बाथ संपल्यानंतरची शनिवारची रात्र. स्टेशनवर बाहेर पडायच्या दारावर जो येत्सिया लिहिलेला असतो, त्याचाच हा धातू : बाहेर पडणं. शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी बस आणि रेल्वे बंद होतात, त्या शनिवारी अंधार पडल्यावरच सुरू होतात. हैफासारखे अपवाद आहेत, काही मार्गांवर शेरूत म्हणजे सामायिक टॅक्सीही मिळते. पण वेळापत्रकातला हा शब्द वाचता आला नाही आणि शनिवारी सकाळी नमुने घेऊन दुसऱ्या गावच्या लॅबला निघालात, तर बर्फ वितळत जाईल आणि तुम्ही ताखानावर उभेच राहाल.

तेव्हा जायच्या आधी वही घ्या, एका पानावर एकच धातू लिहा आणि भेटेल तो शब्द त्याच्या घरी नेऊन बसवा.