खापराला नाव देण्यापूर्वी : सोपाऱ्याच्या परिसरातील विद्यार्थिशिबिराविषयी

रोमन व्यापाराशी संबंध असलेल्या स्थळी पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांचे शिबिर घ्यावयाचे, तर पश्चिम किनाऱ्यावर सोपाऱ्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. आगाशीस मुक्काम ठेवला की सोपारा, बोळिंज, भुईगाव व वसई ही सर्व ठिकाणे सकाळी निघून सायंकाळी परतण्याच्या अंतरात येतात. अडचण अंतराची नाही. सोपाऱ्याचा स्तूप संरक्षित आहे आणि तेथे परवान्यावाचून कुदळ लावता येत नाही. सभोवारची जमीन तर गेल्या काही दशकांत इमारतींखाली झपाट्याने गेली आहे. तेव्हा खोदकाम न करता अशा शिबिरात काय शिकविता येईल, हा खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने या प्रश्नाच्या एकाच बाजूविषयी येथे लिहावयाचे आहे. ती बाजू म्हणजे विद्यार्थ्याची नोंदवही.

उत्खनन ही एकदाच करता येणारी क्रिया आहे. थर उचलला की तो पुन्हा पाहता येत नाही. त्याच्याविषयी जे लिहिले, काढले व राखून ठेवले तेवढेच उरते. पृष्ठभागावर वेचलेल्या खापराचीही गोष्ट फारशी निराळी नाही. कोणत्या वाडीत, विहिरीपासून किती पावलांवर ते मिळाले हे त्याच दिवशी टिपले नाही, तर ते खापर मुके होते. म्हणून वहीत कोणता शब्द लिहावा हा प्रश्न शुद्धलेखनाचा नसून पुराव्याचा आहे.

सर्वांत धोक्याचा शब्द ‘रोमन’ हाच. जाड, फिकट, रेताड मातीचे आणि आतून काळा लेप असलेले एखादे खापर हाती येताच विद्यार्थी वहीत ‘रोमन मद्यकुंभ’ असे लिहून मोकळा होतो. त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. पश्चिम भारतातील अनेक स्थळांच्या वृत्तांतांतही अशा खापरांना हेच नाव मिळाले होते. रोबर्टा टॉम्बर या विदुषीने ही खापरे पुन्हा तपासली आणि २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की त्यांतील पुष्कळशी रोमन नव्हेतच. ती मेसोपोटेमियाकडून आलेल्या, डांबराचा लेप दिलेल्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांची आहेत, आणि असे रांजण रोमन व्यापाराचा बहर ओसरल्यानंतरही कित्येक शतके येत होते. रोमन कुंभाला दोन कान असतात, या रांजणांना नसतात. परंतु हाती आलेला तुकडा पोटाचा असेल तर कानांचा काय उपयोग? तेथे मातीकडेच पाहावे लागते. इटलीतील कॅम्पानिया प्रांताच्या कुंभांत व्हेसुव्हियसच्या परिसरातील काळी ज्वालामुखीय वाळू भिंगाखाली स्पष्ट दिसते. ज्या विद्यार्थ्याने ‘फिकट पिवळसर, रेताड, आत काळा लेप, जाडी अमुक’ एवढेच लिहिले असेल, त्याची नोंद दोन्ही मतांच्या अभ्यासकांना उपयोगी पडते. ज्याने ‘रोमन’ लिहिले, त्याच्या वहीत निष्कर्ष राहिला आणि पुरावा गेला.

या संदर्भात अरिकमेडूचे उदाहरण विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे. पुदुच्चेरीजवळच्या या स्थळी १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. इटलीत घडविलेल्या लाल, झिलईदार ॲरेटाइन भांड्यांची खापरे तेथे मिळाली. त्या भांड्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला असल्याने त्यांच्या सोबत सापडलेल्या देशी भांड्यांनाही काळ देता आला. दक्षिण भारताच्या कालगणनेला त्यामुळे एक खुंटी मिळाली. पुढे १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगले यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पुन्हा काम झाले आणि वस्तीचा आरंभ व्हीलर मानीत त्याहून जुना असल्याचे दिसून आले. ही दुरुस्ती करणे शक्य झाले त्याला नव्या खणतींइतकीच जुनी नोंदही कारण आहे. कोणत्या थरात काय मिळाले ते व्हीलर यांनी १९४६ साली छेदांच्या रेखाटनांसह छापून ठेवले होते.

‘रोमन’ या शब्दाविषयी भाषेच्या अंगानेही एक शंका आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ लिहिणारा मनुष्य ईजिप्तमधला असून त्याची भाषा ग्रीक होती. त्याने सोपारा व कल्याण यांचा उल्लेख शेजारी शेजारी केला आहे आणि कल्याणास चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात असेही नमूद केले आहे. आपले कोरीव लेख अशा परदेशीयांना ‘यवन’ म्हणतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांची नावे मात्र देशी वळणाची आहेत. उलट, तेर व कोल्हापूर येथे रोमन नाण्यांच्या मातीतील प्रतिकृती मिळाल्या, त्या घडल्या दख्खनमध्येच. वस्तू कोणाची, ती घडविणारा कोण आणि वापरणारा कोण, हे तीन निराळे प्रश्न एका विशेषणात कोंबले की गोंधळ होणारच.

स्थानिक शब्दांची बाब अधिक रंजक आहे. देशावर शेतजमिनीला ‘काळी’ व गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. मातीच्या भिंती, राख व शेण यांच्या कुजण्याने जुन्या वस्तीची माती पांढुरकी होते, हे शेतकऱ्याला पुरातत्त्वज्ञाच्या आधीपासून ठाऊक आहे. परंतु हाच शब्द आगाशीस नेऊन चालणार नाही. किनाऱ्याची जमीन मुळात रेताड व फिकट असल्याने केवळ रंगावरून वस्ती ओळखू येत नाही. येथे बावखलांचा गाळ उपसताना किंवा विहिरीची बाजू ढासळली असता जे थर उघडे पडतात, ते पाहावेत; वाडीतल्या माणसाला त्या त्या मातीचे नाव विचारावे. वाडवळी व सामवेदी या येथील बोलींत मातीला जे शब्द असतील ते ऐकू आले तसे लिहावेत. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिलेला शब्द आमच्याही कामाचा नाही आणि पुरातत्त्वज्ञाच्याही नाही.

स्थलनामांनाही हाच नियम लागू आहे. संस्कृत शूर्पारक, पालीतील सुप्पारक, नाशिकच्या लेण्यात उषवदाताच्या लेखातील शोर्पारग आणि आजचा सोपारा ही मालिका ध्वनिपरिवर्तनाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. स्तूपाच्या टेकाडाला मात्र लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा आत कोट नव्हता. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, आठ बुद्धमूर्ती व यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. मग लोकांचे नाव चुकीचे म्हणून खोडावे काय? शूर्प म्हणजे सूप, आणि सुपे विणतो तो बुरुड. राजाची कथा नगराच्या नावातूनच उगवली असावी असा माझा तर्क आहे. तो खरा असो वा नसो, तर्क करण्यास जागा राहिली ती कोणीतरी ते नाव जसेच्या तसे टिपून ठेवले म्हणूनच. त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि नवव्याचा भुईगावास, तो १९५६ साली. म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांनी, आणि शेजारच्याच गावात. या परिसरात अजून काय पडून असेल याची कल्पना विद्यार्थ्यास एवढ्यावरून यावी.

शिबिराची प्रत्यक्ष व्यवस्था साधी ठेवावी. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने पाहावे व सांगावे, दुसऱ्याने लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी कामे बदलावीत. सांगणाऱ्याला खापर दिसते, लिहिणाऱ्याला केवळ शब्द ऐकू येतात. शब्द अपुरे असतील तर तेथल्या तेथे उघडे पडतात. नोंद मराठीतच व्हावी, कारण परभाषेतील तयार संज्ञा हाताशी असली की डोळे लवकर मिटतात. पहिला आठवडाभर ‘रोमन’, ‘सातवाहन’, ‘बौद्ध’ ही विशेषणे वहीच्या डाव्या पानावर येऊ देऊ नयेत. उजवे पान तर्कासाठी मोकळे सोडावे व तेथे तारीख घालूनच लिहावे. वेचलेली खापरे मालकाची परवानगी घेऊन उचलावीत, धुऊन सावलीत वाळवावीत, आणि प्रत्येकावर शाईने क्रमांक घातल्यावाचून पिशवीत टाकू नयेत. वहीची एक प्रत विभागात व एक वसई परिसरातील एखाद्या ग्रंथालयात ठेवावी. ज्या वाडीत आज पाहणी झाली तेथे पुढच्या वर्षी इमारतीचा पाया खणला गेला असेल, आणि तेथल्या लोकांना आपल्या जमिनीत काय होते हे वाचावयास पुण्या-मुंबईस यावे लागू नये.