परक्याच्या कर्जांत आपलें नांव

मध्यंतरीं एके दिवशीं दुपारीं आमच्या मुलुंडच्या घरीं फोन आला. बोलणारा अनोळखी, भाषा उर्मट. "अमुक इसम तुमच्या ओळखीचा ना? त्यानें कर्ज बुडविलें आहे. त्याला पैसे भरावयास सांगा." हा इसम म्हणजे दोन वर्षांपूर्वीं आमच्याकडे विजेचें काम करून गेलेला एक कारागीर. आम्ही त्याला जामीन नव्हतों, साक्षीदारही नव्हतों. त्यानें मोबाइलवरील एका ॲपमधून थोडें कर्ज काढलें, त्या वेळीं ॲपनें त्याच्या फोनमधील नांवांची सारी यादी उचलली आणि तींत आमचा क्रमांक होता, इतकाच काय तो संबंध! अशा रीतीनें त्या गरिबाची अब्रू आणखी किती घरीं पोंचली असेल, या विचारानें आम्हांस त्या उर्मटपणाहूनही अधिक वाईट वाटलें.

सावकारी आपल्या मुलखाला नवी नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत सावकारांच्या घरांवर चालून गेली, तेव्हां तिचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. हातीं लागले ते कागद जाळण्यांत आले. पुढें १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला. परंतु त्या सावकारापाशीं जो कागद असे, त्यावर कुळाचें नांव, त्याची निशाणी, फार तर जामिनाची सही एवढेंच असावयाचें. शेजाऱ्यांचीं, सोयऱ्यांचीं, मुलीच्या शिक्षिकेचीं नांवें त्यावर नसत. शिवाय तो कागद जाळतां तरी येत असे. आजच्या धनकोचा रोखा कोठल्या तरी दूरच्या यंत्रांत असतो, आणि त्याच्या नकला किती झाल्या हें ऋणकोस कधींच कळत नाहीं.

हा प्रकार तुरळक आहे असें कोणीं समजूं नये. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या अभ्यासगटास २०२१ च्या जानेवारी व फेब्रुवारी या दोनच महिन्यांत कर्ज देणारीं सुमारें १,१०० ॲप्स आढळलीं. त्यांपैकीं सुमारें ६०० बेकायदा होतीं. २०२२ सालीं मुंबईच्याच एका उपनगरांत एका गृहस्थानें या छळापायीं जीव दिला. त्याचीं विकृत केलेलीं छायाचित्रें त्याच्या ओळखीच्या लोकांस धाडण्यांत आलीं होतीं.

कायदा अगदींच स्वस्थ बसला आहे असें नाहीं. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. २ सप्टेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें असें फर्माविलें कीं, कर्ज देणाऱ्या ॲपनें ग्राहकाच्या फोनमधील नांवांची यादी, संभाषणांची नोंद व छायाचित्रें यांस हात लावूं नये. कॅमेरा वा ठिकाण यांची परवानगी ओळख पटविण्यापुरती, एकदांच व स्पष्ट संमतीनें घ्यावी. आणि व्याजासह सर्व खर्च आधींच एका पत्रकांत दाखवावा. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यांत २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे.

परंतु कायद्याचा हात पोंचण्यापूर्वीं आपलें बोट पडद्यावर पोंचतें, ही खरी अडचण आहे. 'परवानगी द्या' असें विचारलें कीं आपण न वाचतां ती देतों. फोनमधील क्रमांक आपल्या स्वाधीन असले तरी ते आपल्या मालकीचे नव्हेत. लोकांनीं विश्वासानें दिलेली ती ठेव आहे. यास्तव प्रत्येक घरांत कांहीं गोष्टी मुलांस व वडीलधाऱ्यांस समजावून सांगाव्या. ॲपच्या मागें कोणती अधिकृत बँक वा वित्तसंस्था आहे तें पाहावें. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲप्सची यादी आहे. नांवांची यादी मागणारें ॲप तत्काळ काढून टाकावें. आधारची प्रत द्यावयाचीच झाली, तर शेवटचे चारच आंकडे दिसणारी प्रत चालेल काय, हें विचारावें. पैसे फसवणुकीनें गेल्यास क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

त्या कारागिरास आम्हीं मुद्दाम बोलावून घेतलें. मुलाच्या फीसाठीं कर्ज काढल्याचें त्यानें मान खालीं घालून सांगितलें. तक्रार करावी हें त्याच्या मनांतही आलें नव्हतें. कर्ज फेडतां आलें नाहीं, म्हणजे अपराध आपलाच, अशी त्याची समजूत! घेतलेले पैसे फेडलेच पाहिजेत. पण पैसे थकले म्हणून सावकारास चार घरीं अब्रू काढण्याचा अधिकार मिळत नाहीं, हें त्यास पटवावयास आम्हांस बराच वेळ लागला. मग त्याच्याबरोबर बसून रीतसर तक्रार लिहिली. जातांना त्यानें विचारलें, "आतां मला कामाला बोलवाल ना?" माजघरांतला पंखा कित्येक दिवस कुरकुरत होता, तो त्यास तेव्हांच दाखविला.