'सोबत कोण आहे?' : वज्रेश्वरीची वाट आणि एकटीचा प्रवास

एकटीने प्रवासाला निघालेल्या स्त्रीला एसटीच्या थांब्यापासून लॉजच्या टेबलापर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो : 'सोबत कोण आहे?' विचारणाऱ्याचा हेतू दर वेळी वाईट असतो असे नाही. पुष्कळदा त्यामागे काळजीच असते. मात्र हा प्रश्न पुरुषाला सहसा विचारला जात नाही, आणि स्त्रीने 'कोणी नाही' असे उत्तर दिले की पुढचे बोलणे खुंटते.

बाली, श्रीलंका किंवा अंदमान अशा उष्ण प्रदेशातील बेटांवर एकटीने जाऊन यावे, अशी इच्छा आज शहरातील अनेक नोकरदार स्त्रियांना असते. त्यासाठी लागणारी माहितीही विपुल उपलब्ध आहे. परंतु मुंबईपासून दोन-अडीच तासांवर असलेल्या वज्रेश्वरीला जावे, देवीचे दर्शन घ्यावे, गरम कुंडात स्नान करावे आणि एक रात्र राहून परतावे, एवढाच बेत एखादीने केला, तर तिला बहुधा एकच सल्ला मिळतो : 'कोणाला तरी बरोबर घेऊन जा.' ही सोबत प्रत्यक्षात कोणते काम करते आणि ते काम अन्य मार्गांनी होऊ शकते काय, हे वज्रेश्वरीच्याच उदाहरणावरून तपासून पाहण्यासारखे आहे.

एकशे चाळीस वर्षांपूर्वीचा प्रश्न

भिवंडीच्या शेजारच्या कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यास निघाल्या, तेव्हा त्यांनाही या प्रश्नाला तोंड द्यावे लागले होते. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. लोक विचारीत असलेल्या शंकांची उत्तरे त्यांनी त्यात एकेक करून दिली. 'एकटी का जाते?' ही त्यांपैकीच एक शंका. आनंदीबाईंचे उत्तर साधे व व्यवहाराचे होते. पतीसह जाण्याचा विचार आधी होता. परंतु दोघांच्या खर्चाला पुरेल एवढा पैसा नव्हता आणि मागे कुटुंबाचा भारही होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीने निघाल्या, त्या वेळी त्यांचे वय अठरा होते. बोटीवर मिशनरी स्त्रियांची संगत होती आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उतरवून घेणारे घर आधी ठरलेले होते.

त्यांच्या धैर्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या प्रवासामागची ही तयारी मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. उतरायचे कोठे, भेटायचे कोणाला, मागे कळवायचे कसे, हे सारे आधी ठरवून मगच त्या निघाल्या होत्या.

सोबत करते तरी काय?

भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर प्रवासातील सोबत मुख्यतः चार कामे करते. पहिले, सामान सांभाळणे. दुसरे, स्नानाच्या किंवा कपडे बदलण्याच्या वेळी दाराशी उभे राहणे. तिसरे, काही अनुचित घडल्यास साक्षीला असणे. आणि चौथे, आपण या घटकेला कोठे आहोत हे कोणाला तरी ठाऊक असणे. ही कामे आई, बहीण किंवा मैत्रीण करते, म्हणून आपण त्यांना सोबत म्हणतो. परंतु यांतील प्रत्येक काम एखादे कुलूप, एखादी कडी, एखादा दिवा किंवा एखादा कर्मचारीही करू शकतो. जेथे तशी सोय असते तेथे स्त्री निर्धास्तपणे एकटी वावरते. जेथे नसते तेथे तिला माणूस बरोबर न्यावे लागते, किंवा जाणेच रद्द करावे लागते.

वाट तशी सोपीच

प्रवासाच्या वाटेपुरता हा अनुभव मुंबईकर स्त्रीला नवा नाही. मुंबई आणि साष्टी ही मुळात उष्ण कटिबंधातील बेटेच. त्या बेटांवर लाखो स्त्रिया रोज एकट्याने लोकलचा प्रवास करतात आणि त्याला कोणी 'एकटीचा प्रवास' असे म्हणतही नाही. स्त्रियांचा राखीव डबा, रात्रीच्या वेळी त्यात तैनात होणारा पोलीस, ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी सुरू झालेली महिला विशेष लोकल, या सोयींनी सोबतीची जागा केव्हाच घेतली आहे.

पश्चिम रेल्वेने वसईची खाडी ओलांडली की बेट संपते. विरारहून वज्रेश्वरी सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे रस्ता वज्रेश्वरीला येतो आणि पुढे अंबाडी नाक्याला भिवंडी-वाडा रस्त्यास मिळतो. ठाणे-भिवंडीकडून येणाऱ्यांना अंबाडीवरून वळावे लागते. या वाटेवर एसटी हीच सर्वांत विश्वासाची. १७ मार्च २०२३ पासून 'महिला सन्मान योजने'खाली राज्यात एसटीच्या भाड्यात स्त्रियांना पन्नास टक्के सवलत आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे गाडीत वाहक असतो, सहप्रवासी असतात आणि तिकिटावर वेळेची नोंद असते. साक्षीचे काम तेथे आपोआप होते.

अडचण येते ती परतीच्या वेळी. शेवटची गाडी चुकली की स्त्री अनोळखी वाहनाच्या हाती पडते. म्हणून वज्रेश्वरीला उतरताच पहिली चौकशी दर्शनाची न करता परतीच्या गाडीची करावी आणि शेवटची नव्हे, तर तिच्या आधीची गाडी आपली मानावी.

देवीच्या दारी

तानसा नदीच्या काठचे हे गाव पूर्वी वडवली नावाने ओळखले जाई. देवीचे मूळ स्थान उत्तरेस गुंज येथे होते आणि पोर्तुगीजांच्या काळात ते येथे हलवले गेले, अशी परंपरा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला; मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला आणि नवसाप्रमाणे मंदिर उभे राहिले. मंदिराला किल्ल्यासारखा तट आहे, दारावर नगारखाना आहे आणि गाभाऱ्याकडे बावन्न दगडी पायऱ्या चढून जावे लागते.

एकट्या स्त्रीच्या दृष्टीने देवीचे मंदिर ही गावातील सर्वांत निर्वेध जागा. आपल्याकडे स्त्रीला घराबाहेर पडण्यास सर्वप्रथम मान्यता मिळाली ती यात्रेच्या निमित्तानेच. पंढरीच्या वारीत किंवा देवीच्या जत्रेत चालणाऱ्या बाईला 'कशाला निघालीस' असे कोणी विचारत नाही. ओटीचे साहित्य विकणाऱ्या बायका, फुलवाल्या, प्रसादाच्या दुकानातील माणसे दिवसभर तेथेच असतात. कोणते कुंड बरे, कोणत्या वाटेने जावे, गाडी किती वाजता, याची विश्वसनीय माहिती त्यांच्याकडून मिळते. चैत्र अमावास्येच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत आणि नवरात्रात मात्र गर्दी फार असते. निवांतपणा हवा म्हणून भर उन्हाळ्यातील आडवारची दुपार निवडणेही बरे नव्हे. शुकशुकाट आणि रेटारेटी या दोन्हींत एकटीची अडचण होते; मध्यम वर्दळीची सकाळ सर्वांत चांगली.

खरी कसोटी कुंडावर

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, निंबवली या परिसरात नदीकाठाने गरम पाण्याचे अनेक झरे आहेत. उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस राजापूरपर्यंत कोकणात उन्हाळ्यांची जी माळ पसरली आहे, तिचाच हा भाग. येथे जागता ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि खडकांतील फटींतून पुन्हा वर येते. काही कुंडांचे पाणी पन्नास अंशांच्या आसपास असते. म्हणून त्यात एकदम उतरू नये, आधी हाताने व मग पायाने अंदाज घ्यावा. फार वेळ बसल्यास उठताना भोवळ येते, आणि एकटीच्या बाबतीत सावरायला कोणी नसते. रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास हे स्नान टाळावे. पावसाळ्यात तानसेच्या पात्रात उतरण्याचा मोहही आवरावा.

पाण्याहून अवघड प्रश्न काठावरचा आहे. पर्स, मोबाईल आणि कोरडे कपडे ठेवायचे कोठे? काही ठिकाणी स्त्रियांसाठी आडोसा असतो, काही ठिकाणी कुंड उघड्यावरच. मैत्रीण बरोबर असली तर एक पाण्यात आणि एक काठावर, असा मार्ग निघतो. एकटी असलेली स्त्री बहुधा पाय बुडवते आणि परत फिरते. तिला कोणी अडवलेले नसते. तरीही स्नान घडत नाही.

बालीतील तीर्थ एम्पुल या जलमंदिराशी याची तुलना उद्बोधक ठरेल. तेही हिंदूंचे पवित्र स्नानस्थान आहे आणि तेथील रीतिभाती सैल मुळीच नाहीत. कमरेला वस्त्र गुंडाळल्याशिवाय प्रवेश नाही. मासिक पाळीच्या काळात आत येऊ नये, अशा सूचना बालीच्या मंदिरांबाहेर लावलेल्या असतात. परंतु तेथे कपडे बदलण्याच्या खोल्या आहेत, सामानासाठी कुलपाची कपाटे आहेत आणि स्नानाचे वस्त्र भाड्याने मिळते. त्यामुळे देशोदेशीच्या स्त्रिया एकट्याने येतात, श्रद्धेने स्नान करतात आणि जातात. बालीतही चोऱ्या होतात, पर्स हिसकावल्या जातात. ते काही नंदनवन नव्हे. पण स्नानाच्या त्या अर्ध्या तासापुरती सोबतीची दोन कामे कपाटाने आणि दाराने उचललेली असतात.

काठावरची आणखी एक भीती म्हणजे मोबाईलचा कॅमेरा. खासगी क्षणी स्त्रीचे चोरून चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्यास किमान एक ते कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'ही आमची हद्द नाही' या सबबीवर ती नाकारता येत नाही.

मुक्कामाची खोली

सर्वांत मोठा अडसर मुक्कामाचा. तीर्थक्षेत्रातील लहान लॉजमध्ये 'एकट्या बाईला खोली देत नाही' हे वाक्य आजही ऐकू येते. ओळखपत्र आहे, पैसे आहेत, खोली रिकामी आहे, तरी नकार. मालकाला उद्याच्या झंझटीची धास्ती असते आणि तिची किंमत त्या स्त्रीने संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून मोजायची असते. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाने तिला अधिक असुरक्षित केले जाते.

याविषयी राज्यघटना काय म्हणते, हे पाहण्यासारखे आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात केवळ लिंगाच्या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. त्याच खंडात सरकारी पैशातून राखलेल्या किंवा सार्वजनिक वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचाही उल्लेख आहे. खोली आणि स्नानघाट या वज्रेश्वरीतील दोन्ही अडचणींचा विचार घटनाकारांनी १९५० पूर्वीच करून ठेवला होता.

या परिसराला एकट्या स्त्रीचे वावडे आहे, असेही नाही. दोनेक किलोमीटरवरील गणेशपुरीत १९३६ पासून १९६१ मधील समाधीपर्यंत स्वामी नित्यानंदांचे वास्तव्य होते. पुढे त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांच्या आश्रमात १९७० च्या दशकात परदेशांतून साधक येऊ लागले. त्यांत एकट्याने आलेल्या स्त्रियाही होत्या. एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकी लेखिकेच्या २००६ मधील गाजलेल्या प्रवासकथनात भारतातील एका आश्रमातील मुक्काम येतो आणि त्यानंतर बाली. पुस्तकात आश्रमाचे नाव दिलेले नाही; तो गणेशपुरीचा असावा, असा तर्क अनेकांनी केला. पुढे त्या पुस्तकाच्या वाचक स्त्रिया बालीतील उबुदला मोठ्या संख्येने जाऊ लागल्या. तेथे घराच्या अंगणातच पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या असतात. घरातील आजी, सून आणि मुले दिवसभर समोर वावरत असतात. सोबतीचे चौथे काम, म्हणजे कोणाला तरी आपला ठावठिकाणा ठाऊक असणे, तेथे यजमान कुटुंब करते.

निघण्यापूर्वी

वज्रेश्वरीला एकटीने मुक्काम करायचा असल्यास खोली फोनवरून आधी ठरवावी आणि 'मी एकटी येणार आहे' हे त्याच वेळी स्पष्ट सांगून होकार लेखी, निदान मोबाईलवरील संदेशाच्या रूपात घ्यावा. झऱ्याचे पाणी खोलीच्या न्हाणीघरातच मिळते काय, हे विचारावे. मिळत असल्यास कुंडावरची अर्धी अडचण सुटते. खोलीच्या दाराला आतून कडी आहे ना, ते पैसे देण्यापूर्वी पाहावे. कुंडावर जाताना मौल्यवान वस्तू नेऊ नयेत. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक लक्षात ठेवावेत. घरी एका व्यक्तीला जाण्यायेण्याच्या गाड्यांची वेळ कळवून ठेवावी.

अर्थात ही सारी काळजी एकट्या स्त्रीनेच का वाहायची, हा प्रश्न उरतोच. प्रत्येक कुंडाजवळ कडी असलेली कपडे बदलण्याची खोली, कुलपाची दहा-वीस कपाटे, वाटेवर दिवे, एखादी स्त्री कर्मचारी आणि थांब्यावर परतीच्या गाड्यांचे ठळक वेळापत्रक, एवढ्याने बरेच साधेल. हा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीच्या किंवा देवस्थानाच्या आवाक्याबाहेरचा नाही. १८९२ पासून तानसेचे पाणी पिणाऱ्या मुंबईच्या लेकींना त्याच नदीकाठच्या कुंडावर निश्चिंतपणे स्नान करता यावे, यासाठी हे आधी करण्याजोगे आहे. ते झाले, तर वज्रेश्वरीला निघालेल्या स्त्रीला सोबत कोण आहे, हे विचारण्याची गरज लॉजवाल्यालाही फारशी उरणार नाही.