थुंकीतला टीबीचा जंतू मशीनला सापडतो कसा?

थुंकीच्या नमुन्यात टीबीचे जंतू मोजकेच असतील, तर मायक्रोस्कोपखाली ते सुटून जातात. लॅबमध्ये जंतू वाढवून बघायचे तर काही आठवडे लागतात. मग ट्रूनॅट मशीन तासा-दोन तासांत रिपोर्ट कसा देतं?

उत्तर आहे पीसीआर. आधी नमुन्यातून डीएनए वेगळा काढतात. मग त्यात प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे घालतात. मोबाईलवर सर्च करताना आपण नेमका शब्द टाकतो ना, तसे प्रायमर टीबीच्या डीएनएतला ठरावीक भाग शोधून चिकटतात. मशीन नमुना गरम-थंड करत राहतं आणि दर फेरीला तेवढ्याच भागाच्या प्रती दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या जवळपास १०७ कोटी! सोबतचा प्रोब चमकतो, ती चमक मशीन टिपतं. चमक जितकी लवकर, तितके जंतू जास्त.

टीबी निघाला तर दुसरी चिप आरपीओबी जीन तपासते. त्यात ठरावीक बदल दिसले तर रिफाम्पिसिन हे मुख्य औषध बहुधा लागू पडणार नाही. हे आधीच कळल्यामुळे महिनोन्‌महिने चुकीच्या गोळ्या खायची वेळ टळते.

ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि बॅटरीवर चालतं, म्हणून छोट्या आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर अंगावर काढू नका; सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते.