तरटावरचं रान, अंगावरची घोंगडी

एकही गाठ न मारता अख्खा गालिचा तयार होतो, यावर पटकन विश्वास बसत नाही. पण होतो. लाकडी चौकटीवर तरट ताणून बसवायचं. जुन्या लोकरी कपड्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या. पट्टी डाव्या हाताने तरटाखाली धरायची, उजव्या हातातली आकडी वरून तरटाच्या विणीत खुपसायची, पट्टीला अडकवायची आणि वर ओढायची. वर एक इवलासा फास उभा राहतो. शेजारच्या भोकातून दुसरा, मग तिसरा. असे हजारो फास झाले की गालिचा झाला.

उलटून पाहिलं तर खाली ना टाका, ना शिवण. कुणी खोडसाळपणे पट्टीचं टोक धरून खेचलं तर ओळच्या ओळ उसवून हातात येईल. तरीही असे गालिचे शंभर-शंभर वर्षं पायाखाली टिकलेत. ते टिकतात निव्वळ गर्दीमुळे. खच्चून भरलेल्या सुरत-भुसावळ पॅसेंजरमध्ये उभा माणूस गाडीला कितीही हिसके बसले तरी पडत नाही, तसंच हे. फास एकमेकांना खेटून बसतात, बाजूला रेटले गेलेले तरटाचे धागे पुन्हा जागेवर यायला बघतात आणि फासांना आवळून धरतात. त्यात लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ती सहजी घसरत नाही.

ही कला वाढली उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, एकोणिसाव्या शतकात. मेनपासून नोव्हा स्कॉशिया, न्यूफाउंडलंडपर्यंतच्या कोळी-शेतकऱ्यांच्या घरांत. थंडी हाडं गोठवणारी, जमीन गार, आणि विकतचा गालिचा परवडण्याची सोय नाही. घरात होतं काय, तर फाटके लोकरी कपडे आणि धान्याची रिकामी पोती. या पोत्यांचा ताग आला होता आपल्या बंगालमधून. आधी तो स्कॉटलंडच्या डंडी शहरात विणला जाई, पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांतही. ताग भरड आणि विरळ विणीचा, म्हणून आकडी त्यातून सहज आत-बाहेर करते. पोती मुबलक मिळू लागली तशी ही कला घराघरांत पसरली. अटलांटिकच्या काठावरच्या बायकांनी हिमनग, हंस, देवमासे, अंगणातली फुलं चितारली ती बंगालच्या तागावर, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याचा पत्ताही नसावा!

१८६८च्या सुमारास मेनमधल्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने पत्र्याचे साचे कापून तरटावर छापील नक्षी विकायला सुरुवात केली. धंदा जोरात चालला. पण मला विचाराल तर खरा जीव न छापलेल्या गालिच्यांत आहे. खिडकीतून दिसणारी टेकडी, आपलाच कुत्रा, आपलीच होडी. प्रमाण चुकलेलं असतं, घोड्याचे पाय आखूड असतात आणि तरीही तो घोडा कुणाचा होता ते कळतं.

त्याच पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडोरमध्ये १८९२ मध्ये डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल आले, त्यांनी दवाखाने उभे केले आणि पुढे त्यांच्या मिशनने कोळ्यांच्या बायकांना या कामाचे पैसे मिळवून दिले. ध्रुवीय अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, बर्फावरचा मावळतीचा उजेड हे त्या चटयांचे विषय. पुढे शहरांतून टाकाऊ रेशमी मोजे मागवून, रंगवून त्यांच्या पट्ट्या वापरल्या. मिशनचा दवाखाना म्हटला की मला नंदुरबार जिल्ह्यातलं चिंचपाडा आठवतं. नवापूर तालुक्यातलं, लोहमार्गावरचं हे गाव लांबच्या माणसांना माहीत आहे ते तिथल्या मिशन हॉस्पिटलमुळे. गालिचे मात्र तिथे कुणी आकडीने ओढत नाही. आपल्या मुलखातल्या लोकरीची तऱ्हा निराळी आहे.

धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात मेंढरं घेऊन फिरतात ते ठेलारी. आज या शिवारात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उद्या पुढच्या. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवतो, रातभराच्या लेंड्या-मुताचं खत पडतं आणि त्याबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. दख्खनी मेंढी काटक, बहुतेक काळी, कुठे पांढरे ठिपके. वर्षातून दोनदा कातरतात, आणि वर्षाकाठी एका मेंढीची लोकर किलोभरही भरत नाही. तीही राठ. तिचा मऊ स्वेटर होणार नाही. तिची घोंगडीच व्हायची.

घोंगडीवर फूल नसतं, पाखरू नसतं. फार तर काठाला पांढरे पट्टे. म्हणून तिला कलेच्या पंगतीत कुणी बसवत नाही, आणि इथेच आपली नजर कमी पडते. काळी घोंगडी उन्हात धरून बघा. ती काळी नसतेच. तिच्यात गडद तपकिरी आहे, करडा आहे, मधेच जळक्या गुळासारखी तांबूस झाक आहे. मेंढीच्या केसातलं रंगद्रव्य उन्हाने विटतं, त्यामुळे लोकरीची टोकं तपकिरी होतात आणि बुडखा काळाच राहतो. त्या मेंढीने माळावर किती ऊन खाल्लं, ते तिच्या केसात उतरलेलं असतं. मग पिंजताना काळ्यात पांढरी मिसळली की करडी. रंगाचं भांडं चुलीवर न चढवता एवढ्या छटा मिळतात. लॅब्राडोरच्या बाईने निसर्गाचं चित्र काढलं. इथे निसर्गाने स्वतःच रंग दिलाय, विणकराने तो फक्त जागेवर बसवलाय.

विणकर म्हणजे मुख्यतः सनगर समाजातले, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे त्यांचे खड्ड्यातले माग. लोकर पिंजायची, सूत कातायचं आणि ताणा लावायचा. आता गंमत सुरू होते. राठ लोकरीच्या सुतातून केस बाहेर डोकावतात. माग चालू झाला की शेजारशेजारचे धागे याच केसांनी एकमेकांत अडकतात आणि तुटतात. यावर उपाय चिंचोक्यांचा. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटतात आणि शिजवून चिकट खळ करतात. ताणा उन्हात लांबलचक पसरून कुंच्याने ती खळ त्यावर फिरवतात. बाहेर आलेला एकेक केस सुताला चिकटून वाळतो आणि धागा तारेसारखा ताठ होतो.

चिंचोक्यात हा गुण आला कुठून? बीजातून कोंब फुटला की त्याला शिदोरी लागते. चिंचेच्या झाडाने ती झायलोग्लुकॅन नावाच्या साखरेच्या लांबच लांब साखळ्यांच्या रूपात भरून ठेवलेली असते. पाण्यात शिजवलं की त्या साखळ्या फुगतात, दाट होतात आणि वाळल्यावर पातळ पापुद्रा धरतात. मोठ्या कापडगिरण्यांमध्येही सुताला चिंचोक्याची पूड लावतात, ती याच गुणासाठी. नवी घोंगडी अंगाला टोचते, पुठ्ठ्यासारखी वाटते, ती बऱ्याच अंशी या खळीमुळे. वापरता वापरता खळ जाते आणि घोंगडी अंगाला सरावते.

आणि पाऊस? डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला माणूस भर पावसात गुरामागे उभा असतो. लोकरीच्या तंतूचं बाहेरचं आवरण तेलकट, पाण्याचा थेंब त्यावरून ओघळतो. आतला गाभा मात्र वाफेचा भुकेला. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय ओल शोषताना ती थोडी ऊबही सोडते. अर्थात दिवसभराच्या झडीत घोंगडी भिजते, दगडासारखी जड होते आणि तिला जो वास सुटतो त्याचं कौतुक करण्याइतका मी भाबडा नाही.

आता अडचण अशी की या लोकरीला भाव उरलेला नाही. पुष्कळदा कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा तिच्यातून निघत नाही. कातरलेली लोकर रानात टाकून द्यावी लागते आणि गिरण्या परदेशी मऊ लोकर आणतात. मेंढपाळ मांसासाठी कमी लोकरीच्या जातींकडे वळलेत, आणि त्यांना दोष देता येत नाही. हातमागावर बसणारे नवे हातही थोडेच.

घोंगडी घ्यायची झाली तर जत्रेत किंवा थेट विणकराकडून घ्या, घासाघीस न करता. आधी ती उन्हात धरा आणि काळ्यातले रंग मोजा. आणि हात शिवशिवत असतील तर घरात तागाचं पोतं, विटका स्वेटर आणि जाड क्रोशाची सुई शोधा. दारातल्या चिंचेचं चित्र फासांनी काढायला घ्या. फांद्या वाकड्या आल्या तरी चालतील, फास मात्र खेटून बसवा.