केबिन बदलण्याआधी चेसिस मोजा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान निघाले की पवनी तालुक्यातल्या रस्त्यांवर रात्री काय चालते, ते कोंढ्याच्या माणसाला सांगायला नको. तणसाने भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत थेट डोळ्यांवर. मागच्या पिकअपवाल्याला ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर. ट्रॉलीचा मागचा काठ उंच असतो. तो बोनेटच्या वरून येऊन काचेवर आणि छपरावर बसतो. धडक चुकवायला स्टिअरिंग वळवले, तर गाडी रस्त्याखालच्या बांधीत कलंडते. अल्लाहच्या मेहरबानीने माणूस वाचतो, पण केबिन जाते. छप्पर दबते, दाराचा खांब वाकतो, दार लागत नाही. इंजिन मात्र किल्ली फिरवताच सुरू होते.

पिकअप म्हणजे बहुतेक घरांत एका माणसाची पूर्ण कमाई. धानाची पोती राइस मिलला, भाजी भंडाऱ्याच्या बाजारात, लग्नाचे सामान, कुणाच्या घराच्या विटा, सगळे तिच्यावरच. गाडी अंगणात उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. गॅरेजवाला महिना-दीड महिना सांगतो. मग घरात विचार सुरू होतो: दुसरी केबिन आणून आपणच बसवली तर?

बसवता येते. या लेखात ते कसे आणि कुठपर्यंत, एवढेच सांगायचे आहे. कारण घरच्या घरी केबिन बदलणारे बहुतेक लोक पत्र्याची चिंता करतात, आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते शेवटच्या संध्याकाळी घाईत उरकतात.

आधी हे शक्य का आहे ते समजून घेऊ. टाटा २०७, योद्धा, बोलेरो पिकअप या गाड्यांच्या खाली लोखंडाची शिडी असते: दोन लांब पट्ट्या आणि मध्ये आडवे दांडे. हीच चेसिस. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलची टाकी, एक्सल, मागचा डाला, सगळे तिच्यावर बसलेले. केबिन ही त्यावर रबरी बुशांवर ठेवून बोल्टने कसलेली एक वेगळी पेटी आहे. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत असे नसते. तिथे पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस असते आणि हा प्रकार चालत नाही. टाटा एससारख्या छोट्या गाडीतही शिडी असते, पण इंजिन सीटखाली असल्याने कामाची रीत बदलते. ते इथे सोडून देऊ.

केबिन वेगळी, गाडी वेगळी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कितीतरी वर्षे ट्रकचे मालक कंपनीकडून नुसती चेसिस विकत घेत. पुढे इंजिनाचे तोंड, चालवणारा उघड्यावर बसलेला, अशी ती गाडी गावी येई आणि लाकूड-पत्र्याची केबिन स्थानिक मिस्त्री बांधत. या धंद्यात लोहार, सुतार, पेंटर म्हणून आपल्या समाजाच्या कितीतरी कारागिरांनी पिढ्या काढल्या. पुढे केबिन कशी असावी याचे एआयएस-०९३ हे मानक आले. अमेरिकेत तर फोर्डच्या मोठ्या डिझेल पिकअपच्या इंजिनाचे मोठे काम निघाले की मेकॅनिक आख्खी केबिनच वर उचलतात, कारण तसा हात चांगला पोहोचतो. म्हणजे केबिन उचलणे हे काही जगावेगळे धाडस नाही.

शिडी सरळ आहे का?

केबिन शोधायला नागपूरला निघण्याआधी हे पाहायचे. चेसिस वाकलेली असेल तर नवी केबिन बसणार नाही, बसवली तरी दारे घासतील, आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळेल. वाकलेल्या चेसिसचे काम घरी होत नाही. ते मोठ्या वर्कशॉपचे.

तपासायला गवंड्याचा ओळंबा, खडू आणि टेप पुरतो. गाडी सपाट सिमेंटच्या जागेवर उभी करा, चाकांत हवा सारखी ठेवा. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोरची तीच-तीच जागा निवडा, म्हणजे डाव्या पट्टीवरचे एक भोक आणि उजव्या पट्टीवरचे तसेच भोक. पुढे एक जोडी, मधे एक, मागे एक. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून खाली जमिनीवर खडूने फुली करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या. जमिनीवर सहा फुल्या उरतील. आता कोन्याकोन्याने माप घ्या: पुढच्या डाव्या फुलीपासून मधल्या उजवीपर्यंत, आणि पुढच्या उजवीपासून मधल्या डावीपर्यंत. घराचा पाया आखताना गवंडी गुण्यासाठी कर्ण मोजतो, तेच हे. दोन्ही मापे जुळली तर चेसिस त्या भागात चौकोनी आहे. बोटभर फरक आला तर तिथेच थांबायचे.

ओळंब्याने पट्टी वरखाली पिळली आहे का ते कळत नाही. त्यासाठी दोन्ही पट्ट्यांवर आडवी सरळ नळी ठेवून मागून डोळा लावा. एक पुढे, एक मागे. दोन्ही नळ्या समांतर दिसल्या पाहिजेत. पट्टीवर रंगाचे पापुद्रे उडाले असतील, सुरकुती पडली असेल, तर ती जागा वाकून परत सरळ झालेली असू शकते. पिकअपचा अनुभव असलेला मिस्त्रीचाचा जवळ असेल तर हे एकदा त्यांच्या नजरेखालून घालाच. त्यांना दहा मिनिटे लागतात.

पाना लावण्याआधी विमा

गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत एक बोल्टसुद्धा काढू नका. फोटो मात्र सगळ्या बाजूंनी काढून ठेवा. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर छापलेल्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर कंपनी गाडी पूर्ण नुकसान झाल्याचे धरते आणि हिशेब वेगळा होतो. गाडीवर कर्ज असेल तर ते पैसे आधी कर्ज देणाऱ्याकडे जातात. हे घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असलेले बरे.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत बोनेट, मडगार्ड, बंपर, दिवे, बाजूचे पत्रे आणि रंगकाम हे फक्त गाडीचे पूर्ण नुकसान झाले तरच धरले जाते. थोड्या जादा हप्त्यात ‘आयएमटी २३’ ही जोड घेतली असेल, तर त्यांचे पैसे मिळतात. पॉलिसीच्या कागदावर हा आकडा आहे का, ते आजच पाहा. अपघात झालेला नसला तरी. शिवाय घसारा कापला जातो. काचेवर काही नाही, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. घरी केलेल्या मजुरीचे बिल नसते, त्यामुळे तिचे पैसे मिळतील असे गृहीत धरू नका. सुट्या भागांची मात्र प्रत्येक पावती जपा.

केबिन कुणाची?

नवी कोरी केबिन कंपनीच्या विक्रेत्याकडे मागवता येते, पण महाग पडते. म्हणून बहुतेक लोक जुनी घेतात. इथे सावध राहायचे. स्वस्त केबिनच्या मागे चोरीची गाडी असू शकते. चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि हलाल कमाईच्या गाडीवर असले छप्पर कुणाला हवे? विकणाऱ्याकडून बिल घ्या. ज्या गाडीची केबिन आहे तिच्या आरसीची प्रत आणि चेसिस नंबर बिलावर लिहून घ्या. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत भंगार केंद्रे सुरू झाली आहेत. तिथून आलेल्या मालाचा माग काढता येतो. कागद द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका, भाव कितीही कमी असो.

आपल्या गाडीची ओळख चेसिसवर ठोकलेल्या नंबरात आणि इंजिनाच्या नंबरात आहे. केबिन बदलल्याने ती बदलत नाही. पण आलेल्या केबिनवर दुसऱ्या गाडीची नंबरपट्टी रिव्हेटने बसवलेली असेल, तर ती तशीच ठेवून रस्त्यावर येऊ नका. तपासणीत दोन नंबर दिसले की उत्तर देणे कठीण. आपली पट्टी कशी बसवायची ते आधी भंडाऱ्याच्या आरटीओत विचारा आणि अर्ज-पोच जवळ ठेवा. रंगही आरसीवर असतो. पांढऱ्या गाडीवर निळी केबिन बसवली तर ती रंगवा किंवा आरसीत बदल करून घ्या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालवू देत नाही.

मॉडेल जुळवताना वर्षही जुळवा. बीएस-४ आणि बीएस-६ ची केबिन बाहेरून सारखी दिसते, वायरिंगचे कपलर वेगळे निघतात.

कामाचा दिवस

केबिनचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या दिवशी त्यांवर तेल सोडून ठेवा. गॅस कटर डिझेलच्या पाइपांजवळ आणायचा नाही. बॅटरीची आधी मायनस वायर, मग प्लस. एसी असेल तर त्याचा वायू मशीनवाल्याकडून काढून घ्या, पाइप तसाच उघडू नका. पाणी, ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेकची केबल, गिअरचा दांडा, वायरिंगचे कपलर, आणि केबिनपासून चेसिसला आलेली जाड अर्थ वायर. ही अर्थ वायर बसवायची राहते, आणि मग दिवे मिणमिणतात, मीटर वेडे होते, लोक इलेक्ट्रिशियन शोधत फिरतात.

सोडलेल्या प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहा. नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. हे काम अम्मी किंवा घरातली मुलगी मिस्त्रीपेक्षा नीट करते. लहान मुलांना मात्र त्या दिवशी नानीकडे पाठवा.

आपल्या जुन्या केबिनमधला मीटर, कॉम्प्युटर आणि किल्लीचे कुलूप नव्या केबिनमध्ये आणा. किलोमीटरची नोंद मीटरमध्ये असते, आणि नव्या गाड्या दुसऱ्याच्या किल्लीवर सुरूही होत नाहीत.

उचलण्यासाठी निंबाच्या फांदीवर भरवसा नको. बोअरचा पंप काढणाऱ्यांकडे तीन पायांची लोखंडी घोडी आणि चेन-पुली असते, ती भाड्याने आणा; पाय पिकअप मधून जाईल इतके रुंद उभे राहतात का ते आधी पाहा. दारे, सीट, काच काढून केबिन हलकी करा. दाराच्या जागेतून पट्टे घालून वर लाकडाची बल्ली आडवी द्या, म्हणजे छप्पर दबणार नाही. केबिन सुटली की ती बाजूला नेऊ नका. तिला वीतभर वर, मग इंजिनाच्या वर जाईल इतकी उचला, आणि खालून चेसिस मागे ढकला. जुम्याच्या नमाजनंतर चार-पाच जण सहज जमतात. लटकलेल्या केबिनखाली हात, डोके, पाय कुणाचाच नाही; चहा आला तरी आधी केबिन ओंडक्यांवर टेकवायची.

नवी केबिन ठेवताना रबरी बुश नवे घ्या. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, दारे बसवून फटी सारख्या झाल्या की मगच कसा. वेल्डिंग करायचेच असेल तर बॅटरी आणि कॉम्प्युटर दोन्ही सोडवून.

जिथे घरचे काम थांबते

स्टिअरिंगचा दांडा सोडण्याआधी सांध्यावर दोन्हीकडे जुळणारी खूण करा आणि चाक दोरीने बांधून ठेवा, फिरू देऊ नका. परत जोडताना खूण जुळली पाहिजे आणि आवळणारा बोल्ट नवाच हवा. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढते, म्हणून उघडा डबा वापरायचा नाही; पाइप उघडले की चारही चाकांची हवा काढावी लागते. या दोन गोष्टी मी घरी करायला सांगणार नाही, मुलगा कितीही हुशार असला तरी. शिकलेला मेकॅनिक बोलवा, त्याची मजुरी द्या, आणि तो करत असताना शेजारी उभे राहा. पेडल दाबल्यावर ते दगडासारखे घट्ट लागले पाहिजे. स्पंजासारखे खाली गेले तर गाडी हलवायची नाही.

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, रिकाम्या गाडीने, पायी चालण्याच्या वेगाने. मग भार. फिटनेसची तारीख जवळ असेल तर त्याआधीच सगळे करा. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतो.

मॅट अंथरण्याआधी काचेवर आणि छपरावर बादलीभर पाणी ओता आणि आत बसून पाहा. कुठे थेंब आला तर रबर पुन्हा बसवा, पावसाळ्यात वायरिंगवर गळणारे पाणी शोधणे जास्त अवघड. आठवडाभराने केबिनचे बोल्ट पुन्हा एकदा कसून घ्या. नवे बुश भाराने थोडे बसलेले असतात.