त्या दोन काळ्या बैलांचं काय झालं?

शनिशिंगणापूरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पानसनाल्याला पूर आला, शिळा वाहून आली, गुराख्यानं काठी टोचली तर रक्त आलं, रात्री शनिदेव स्वप्नात आला. बिनदाराची घरं, २०११ साली कुलपाशिवाय उघडलेली बँक, २०१६ च्या पाडव्याला चौथऱ्यावर चढलेल्या बायका, हेही सगळ्यांनी वाचलेलं आहे. मी लहानपणापासून अडले आहे ती या गोष्टीच्या मधल्या एका तुकड्यापाशी.

गाव जमला तरी शिळा हलेना. मग पुन्हा स्वप्न पडलं, की सख्ख्या मामा-भाच्यांनी हात लावला तरच मी उठेन. माझी आजी सांगायची त्यात एवढ्यावर भागत नव्हतं. गाडीला जुंपायचे बैलही काळेच हवे होते आणि तेही नात्यानं मामा-भाचे. तसे बैल मिळाले, शिळा गाडीत आली आणि चाकं फिरली. इथे आजी हातातलं सूप खाली ठेवायची. म्हणायची, "माणसाच्या आधी बैलांना कळलं, आपण कोणाला ओढतोय ते." मी विचारायचे, मग त्या बैलांचं पुढं काय झालं? आजी सूप पुन्हा उचलायची.

शिळेची उंची पाच फूट नऊ इंच, रुंदी दीड फूट, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. बैलांचं नाव कुणीच सांगत नाही.

आमचं घर नेवासे तालुक्यातलंच. शनिवारी आजी काळ्या कुत्र्यासाठी तेल लावलेली भाकरी वेगळी काढायची. शनी हा सूर्याचा मुलगा, म्हणजे यमाचा भाऊ, आणि यमाच्या दारात दोन कुत्री बसलेली असतात, हे मला पुष्कळ पुढं, ऋग्वेदाचं दहावं मंडल वाचताना कळलं. चौदाव्या सूक्तात ती आहेत. सरमेची पिल्लं, चार डोळ्यांची. गेलेल्या माणसाला आधी सांगितलंय, की त्यांना ओलांडून नीट पुढं जा. आणि थोडं पुढं गेल्यावर यमालाच विनवलंय, की या माणसाला त्या कुत्र्यांच्या हवाली कर, ती वाट राखतात. ज्यांची भीती घातली त्यांच्याच स्वाधीन केलं. आजीची शनिवारची भाकरी कुठून आली, ते मला तिथं दिसलं.

चार डोळ्यांचं हे कुत्रं पोथीतच राहिलेलं नाही. मुंबईच्या पारशांमध्ये सगदीद नावाचा विधी आहे. सगदीद म्हणजे कुत्र्याची नजर. माणूस गेला, की अंत्यविधीच्या वेळी मृतदेहाजवळ कुत्रं आणतात आणि त्याला पाहू देतात. डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेलं कुत्रं यासाठी उत्तम. ते ठिपके म्हणजे वरचे दोन डोळे. प्राण खरोखर गेला की नाही याची खूण कुत्र्याकडून घ्यायची आणि त्याच्या नजरेनं अशुभ दूर सारायचं, अशी श्रद्धा. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या माणसांनी मुंबईतली मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी कोटातली दुकानं बंद झाली, गोऱ्या पलटणीचा शिधा अडवला गेला, इतर समाजाचे लोकही सामील झाले. भारतातल्या सुरुवातीच्या हरताळांपैकी एक कुत्र्यांसाठी झाला, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही. यायला हवं होतं.

आजी गेली त्या आठवड्यात आमचा काळू अंगणात झोपायचा थांबला. तीन रात्री तो तिच्या बाजेखाली पडून होता, भाकरीला तोंड लावत नव्हता. चौथ्या रात्री उठून ओसरीवर आला, मान वर केली आणि असा हेल काढला की वस्तीवरचे दिवे लागले. आत जाऊन पाहिलं तर आजीचा श्वास थांबला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्याला दिसलं." ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, की शरीर विझायला लागलं की त्याचा वास बदलतो, कुत्र्याच्या नाकाला तो आपल्या कितीतरी आधी कळतो. शिवाय आपले कान वीस हजार हर्ट्झपाशी थकतात, त्याचे पंचेचाळीस हजारांपर्यंत ऐकतात. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या स्टिअर हाऊस या शुश्रूषागृहात ऑस्कर नावाचं मांजर होतं. ज्याची वेळ जवळ आली त्याच्याच खाटेवर ते जाऊन बसे. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याच्यावर लिहिलं. तोवर पंचवीसहून अधिक रुग्णांच्या शेवटच्या घटकेला ते हजर राहिलेलं होतं. तिथंही अंदाज वासाचाच. मला डॉक्टरांचं म्हणणं पटतं. पण वासानं कळलं म्हणून कळणं कमी होत नाही, हे मला काळूजवळ बसल्यावर कळलं. बाराव्यापर्यंत तो तिच्या रिकाम्या बाजेखाली झोपत होता.

जनावरांना गेलेलं माणूस कळतं, हे आपण सहज मान्य करतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत शिकलीसवरली माणसंही उन्हात ताटकळतात, आणि तो कावळाही शनीचंच वाहन. पण जनावर गेलं तर? त्याचं मागं काय उरतं, त्याला कुणी काही देणं लागतं का? हे शोधायला म्हणून मी गेली दहा-बारा वर्षं दगड पाहत फिरते.

वीरगळ आपल्याकडे गावोगाव आहेत. गाई राखताना मेलेल्या वीराच्या दगडावर सगळ्यात खालच्या पट्टीत गाई कोरलेल्या असतात, पण त्या 'गाई' म्हणूनच, एकीलाही नाव नाही. नावासकट जनावराचा दगड मला सापडला तो दूर, कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा. आता तो बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी फ्लीट यांनी त्याचं वाचन छापलं होतं. मजकूर जुन्या कानडीत, शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५० चा. राज्य राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचं, म्हणजे ज्यांनी आमच्या शेजारी वेरूळचं कैलास लेणं खोदलं त्याच घराण्याचं, त्यामुळे मला ते परकं वाटत नाही.

तक्कोलमच्या लढाईत कृष्णाचा मांडलिक गंग राजा बूतुग यानं चोळांच्या राजादित्याला मारलं. त्या लढाईत बूतुगाचा मणलेर नावाचा सेवक पराक्रमानं लढला. राजा खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. मणलेरानं राजाचं कुत्रं मागितलं. काळी नावाचं, गुरगुरणारं, शिकारी. पुढं केळले भागात, बेळतूरच्या पश्चिमेच्या टेकडीवर एका दांडग्या रानडुकरावर त्यानं काळीला सोडलं. दोघंही एकमेकांना मारून मेले.

शिलालेख इथं संपला असता तरी मी समाधानी झाले असते. पण दगडाच्या माथ्यावर कुत्रं आणि डुक्कर समोरासमोर भिडलेले कोरले आहेत, आणि खाली पुढचा मजकूर चालू राहतो. आतकूरच्या चल्लेश्वराच्या देवळासमोर दगड उभा केला. त्याच्यासाठी मोठ्या तळ्याखालची जमीन तोडून दिली. आणि एक अट घातली, की देवळाचा गोरव, म्हणजे पुजारी, या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवला, तर त्या कुत्र्याचं पाप त्याला लागेल.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले. कुत्र्याचं पाप! म्हणजे काळीला पाप आणि पुण्य दोन्ही आहे असं ते धरून चालले होते. आणि तिच्या स्मरणाची हमी त्यांनी भावनेवर सोडली नाही, पुजाऱ्याच्या रोजच्या जेवणाला बांधून टाकली. त्याच लेखात तक्कोलमच्या लढाईची हकिगत आहे, म्हणून इतिहासकारांना हा दगड मोलाचा. चोळ-राष्ट्रकूट झुंजीवरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो आणि काळी तळटीपेत जाते. ज्यांनी दगड उभा केला त्यांच्या मनात हा क्रम उलटा होता. लढाई आली ती काळी मणलेराकडे कशी आली हे सांगण्यासाठी.

महाराष्ट्रात याच्या तोडीचं काय, तर ते माझ्या घराच्या वाटेवरच निघालं. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा आपण तिथंच सोडून देतो. परंपरा सोडत नाही. तो रेडा भावंडांबरोबर पुढं चालत राहिला, नेवाशाला होता, तिथून आळंदीकडे निघाल्यावर जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्यानं देह ठेवला आणि ज्ञानेश्वरांनी त्याला समाधी दिली. नेवाशाच्या पैसाच्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा बाहेर सावलीला तो रवंथ करत बसला असेल, असं मला त्या खांबापाशी नेहमी वाटतं. नगर-कल्याण रस्त्यानं आळेफाट्याकडे जाताना आळे लागतं. समाधीला चैत्रात यात्रा भरते, आषाढीसाठी पालखी पंढरीला निघते. ज्याला आपण यमाचं वाहन म्हणतो, काही ठिकाणी शनीचंही, त्याच्या समाधीची पालखी घेऊन माणसं चालतात. मी गेले तेव्हा एक आजीबाई समाधीसमोर गव्हाच्या कोंड्याची मूठ ठेवत होत्या. फुलं का नाही आणली, असं विचारलं तर म्हणाल्या, "फुलं खातो का तो?"

आळ्याला कुणी पुरावा मागितला नाही. रायगडावर मागितला गेला. जगदीश्वराच्या देवळाजवळ शिवाजी महाराजांच्या समाधीपाशी उंच चौथऱ्यावर वाघ्या कुत्रा आहे. १६८० च्या एप्रिलमध्ये त्यानं महाराजांच्या चितेत उडी घेतली, ही कथा. चौथरा बांधला गेला १९३६ साली, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून. २०१२ च्या ऑगस्टमध्ये संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुतळा काढून दरीत टाकला, काही दिवसांत तो परत बसवला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये संभाजीराजे छत्रपतींनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ३१ मेच्या आत तो हटवा अशी मागणी केली आणि धनगर समाजाच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. समकालीन कागदात वाघ्या नाही, सभासदाच्या बखरीतही नाही, हे म्हणणारे बरोबर आहेत. इतिहास म्हणून ती कथा शिकवू नये, असं माझंही मत आहे. पण चौथरा स्वतः आता जवळपास नव्वद वर्षांचा आहे. राजा गेला हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल कुणाला कळलं असेल, या प्रश्नाला महाराष्ट्रानं त्या काळात दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते दरीत फेकण्यासारखं मला वाटत नाही. पाटी लावा, खरं काय ते तिच्यावर लिहा, कुत्र्याला मात्र राहू द्या.

२०२५ साली पोळा शुक्रवारी, २२ ऑगस्टला आला आणि दुसऱ्याच दिवशी शनिअमावास्या. घोडेगावपासून शिंगणापूरपर्यंत गाड्यांची रांग लागणार होती, म्हणून मी पोळ्यालाच गेले आणि चौथऱ्यावर जाऊन आले. आजीला ते कधी जमलं नाही, ती खालूनच हात जोडायची. संध्याकाळी गावाबाहेरच्या एका वस्तीवर गेले. बिनदाराचं घर, चौकटीला नुसता पडदा, समोर गोठा. गोठ्यात दोन खुंटे आणि बैल एकच. शिंगं हिंगुळानं रंगवलेली, खांद्याला हळद-तुपाचा पिवळा डाग अजून ओला. जोडीचा दुसरा वैशाखात गेला होता.

म्हाताऱ्या बाबांना मी माझा जुना प्रश्न विचारला. ते जरा वेळ पानसनाल्याच्या दिशेनं पाहत राहिले. "कुणी लिहून नाही ठेवलं, ताई. पण मेले असतील ते इथंच. याच मातीत."

आतून सूनबाई दोन ताटं घेऊन आल्या. एक पुरणपोळी बाबांनी बैलाच्या तोंडात दिली. दुसरी रिकाम्या खुंट्यापाशी ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. बैलानं दावं ताणलं, मान पुढं काढून त्या पोळीचा वास घेतला, नाकपुड्या दोनदा फुगवल्या आणि तोंड न लावता मान मागं घेतली.

"खात नाही का?"

"त्याची हाय ती," बाबा म्हणाले. "चार महिने झाले, हा त्या जागेवर बसतसुद्धा नाही."

खुंट्याभोवतीची माती खरंच खुरांनी तुडवलेली नव्हती. दाव्याच्या टोकापर्यंत शेण, मूत, कडब्याचे तुकडे, आणि त्याच्या पलीकडे एका बैलाच्या अंगाएवढी जागा स्वच्छ.